सोलापुरात राहून स्थिरचित्रांवर घर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 24, जी.डी. आर्ट झालंय, घरी टॉवेलचे माग आहेत. वडील म्हणतात ऑफिस सांभाळ, फावल्या वेळात चित्रं काढ. तुम्हाला मात्र तैलरंगात वास्तववादी स्थिरचित्रंच, म्हणजे समोर वस्तू मांडून काढलेली चित्रं, करायची आहेत, दुसरं काही नाही. ‘सोलापुरात राहून जमेल, की पुण्या-मुंबईला जावंच लागेल?’ असं विचारलंत आणि शेवटी जरा चिडून एक ओळ जोडलीत, ‘सगळे म्हणतात, फोटो निघतो की, मग चित्र कशाला?’

मी गेली 27 वर्षं याच गावात हेच करते आहे, म्हणून उत्तर द्यायला बसले. पण आधी प्रश्न थोडा सरळ करून घेते. तुम्ही गाव कुठलं ते विचारताय, आणि मला तुमची अडचण वेळेची दिसते. निसर्गचित्रवाला पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसतो आणि दुपारच्या जेवणाला चित्र घेऊन घरी येतो. व्यक्तिचित्रवाल्यासमोर बसलेला माणूस निदान पैसे तरी देतो. आपल्यासमोरचा तांब्या पैसे देत नाही आणि लवकर सोडतही नाही. 12 बाय 16 इंचांच्या एका चित्राला मला आजही चार-पाच आठवडे लागतात. वर्षाला नऊ, फार तर दहा चित्रं होतात. हा वेग गाव बदलल्याने वाढत नाही.

आता पैशाचं बघू, कारण चित्रकार मंडळी याच ठिकाणी विषय बदलतात. मी सुरुवातीला चौरस इंचाला 40 रुपये लावत होते. 12 बाय 16 म्हणजे 192 चौरस इंच, किंमत 7,680 रुपये. गॅलरीने 40 टक्के कापले की हातात 4,608. कॅनव्हास, रंग, फ्रेम यांचे 1,500 वजा केले की उरले 3,108. महिनाभराच्या कामाचे. तेही चित्र विकलं गेलं तर, आणि पहिली काही वर्षं निम्मी चित्रं घरीच परत यायची. दर पुढे वाढतो, माझाही वाढला, पण तो दहा-बारा वर्षांनी. मधल्या दहा-बारा वर्षांचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. हे गणित वडिलांना दाखवा. लपवलंत तर ते स्वतः करतील आणि तुमच्यापेक्षा पक्कं करतील, मागवाले आहेत ते.

मी शाळेत चित्रकला शिक्षिका होते, सतरा वर्षं. त्या दिवसांत मला त्याची लाज वाटायची, प्रदर्शनाच्या पत्रिकेत मी ते छापत नसे. मग कधीतरी मोरांदीबद्दल वाचलं. इटलीतल्या बोलोन्या शहरातला जॉर्जो मोरांदी (1890–1964), बाटल्या, डबे आणि सुरया रंगवणारा विसाव्या शतकातला माझ्या मते सगळ्यांत मोठा माणूस. 1914 ते 1929 तो प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवत होता. पुढे 1930 ते 1956 आपल्याच गावच्या कला अकादमीत एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून चित्र छापायची कला, शिकवत होता. तीन बहिणींबरोबर राहिला, निजायच्या खोलीतच रंगवलं. शाळेच्या पगाराने त्याची चित्रं बिघडली असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. त्या पगारामुळेच त्याला एका बाटलीपुढे महिनाभर बसता आलं असणार. त्यानंतर मी पत्रिकेत ‘कलाशिक्षिका’ छापायला लागले.

तेव्हा वडिलांचं ऑफिस हा शत्रू आहे असं मानू नका. तुमच्या घरातला घातक शब्द वेगळाच आहे: ‘फावल्या वेळात’. फावल्या वेळात जलरंग होतात, स्केच होतात, स्थिरचित्र होत नाही. एकदा मांडणी लावली की तोच उजेड रोज त्याच तासाला लागतो. रात्री आठला ऑफिसमधून येऊन ट्यूबलाइटखाली पितळ रंगवायला बसलात तर दोन महिन्यांत सोडून द्याल आणि म्हणाल, ‘माझ्यात ते नाहीच.’ वडिलांशी बोलणी करायचीच तर पगाराऐवजी तासांवर करा. सकाळी सात ते अकरा माझे, नंतर रात्रीपर्यंत ऑफिस तुमचं, असं. त्या चार तासांत फोन नाही, गिऱ्हाईक आलं तरी नाही.

हे कितपत जमेल ते तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि ती मला माहीत नाही. घर स्वतःचं आहे का, धंद्यावर कर्ज आहे का, भावंडं हाताशी आहेत का, लग्न ठरतंय का. मला माळा मिळाला, नवऱ्याची बँकेतली नोकरी होती, मूल एकच होतं. हे तिन्ही नसतं तर मी आज इथे उपदेश करत बसले नसते. माझ्याहून हात चांगला असलेल्या दोन मैत्रिणी वर्गात होत्या. त्यांना खोली मिळाली नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लावलेली मांडणी रोज संध्याकाळी उचलावी लागते.

मांडणी हलण्यावरून आठवलं. आमच्या घरी तेलुगू, बाहेर मराठी. माझी आजी, आम्ही अव्वा म्हणायचो, तिचा एक जुना तांब्या मी रंगवत होते. वर्षानुवर्षं काळवंडलेला, पोटावर हिरवट डाग. तीन आठवडे झाले होते आणि चित्र चांगलं चाललं होतं. संक्रांत आली, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेची गडबड, घरात पाहुणे. अव्वाने तांब्या उचलला, चिंच लावून लख्ख घासला, पूजेला वापरला आणि अगदी आठवणीने माझ्या मांडणीत होता तिथे परत ठेवला. वर म्हणाली, ‘घे, आता छान दिसेल चित्रात.’ मी रडले. पण मग तोच घासलेला तांब्या नव्याने लावला आणि पहिल्यांदा कळलं की चकाकणारं पितळ पिवळं नसतंच. त्याच्यात खिडकी असते, माझा निळा गाऊन असतो, छताचा पत्रा असतो, आणि पितळाचा म्हणावा असा रंग जेमतेम चार ठिकाणी असतो. पहिलं चित्र अर्धवटच राहिलं. ते अजून भिंतीवर आहे.

आता सोलापूर. तुम्ही पुण्या-मुंबईचे फायदे ऐकले असतील, म्हणून मी इथल्या दोन गोष्टी सांगते ज्या पुस्तकात मिळत नाहीत.

पहिली, उजेड. सगळी पुस्तकं सांगतात, स्टुडिओला उत्तरेची खिडकी हवी. ती पुस्तकं युरोपात लिहिली गेली. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो, म्हणून उत्तरेकडून थेट ऊन न येता थंड, स्थिर उजेड येतो. आपलं गाव कर्कवृत्ताच्या खाली, साधारण साडेसतरा अंशांवर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो दिवसभर उत्तरेच्या बाजूनेच फिरतो. मी पहिल्या दोन उन्हाळ्यांत स्वतःलाच दोष देत होते की सकाळी सावल्या जागेवर का राहत नाहीत, लिंबावर हा केशरी पट्टा कुठून येतो. नंतर डोक्यात उजेड पडला. आता त्या अडीच महिन्यांसाठी मी मांडणी उचलून दक्षिणेच्या खिडकीखाली नेते. समोरच्या पांढऱ्या गच्चीवरून उजेड उसळत असेल तर खिडकीला मांजरपाटाचा पडदा लावते. उरलेले नऊ-साडेनऊ महिने पुस्तकातली उत्तर चालते.

दुसरी, माग. आमचा माळा मागांच्या वर होता. पॉवरलूम चालू असला की जमीन थरथरते हे तुम्हाला सांगायला नको. माणसाला त्याची सवय होते, पेल्यातल्या पाण्याला होत नाही. काचेच्या पेल्यातलं पाणी रंगवायला घेतलं आणि लक्षात आलं की पाण्याची कड सतत मोडते आहे, प्रतिबिंब टिकतच नाही. शेवटी पाण्याचा भाग मी मागांच्या सुट्टीला आणि वीज गेली की रंगवायचे. लोक लाइट गेली म्हणून कुरकुरत बाहेर ओट्यावर यायचे, मी ब्रश घेऊन वर पळायचे. खालचा एक कामगार मला ‘पेंटरबाई, गेली बघा लाइट’ अशी हाक मारायचा. आणि हवेत उडणारी रुई ओल्या रंगावर बसते, ती वेगळीच. ओल्या चित्रावर एक लाकडी चौकट उभी करून तिच्यावर प्लास्टिक ताणा, कागद टाकू नका. बसलेला तंतू ओल्यात उचलायला जाऊ नका, वाळल्यावर ब्लेडने निघतो.

उन्हाळ्याबद्दल एक इशारा, कारण त्यात मी पैसे आणि नाव दोन्ही घालवलं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. सोलापूरच्या मे महिन्यात वरची साय दोन दिवसांत धरते आणि बोट लावलं तर कोरडं वाटतं. आतला थर ओलाच असतो. मी अशा एका तेलकट थरावर टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग चढवला. नियम उलटा आहे, खाली कमी तेल, वर जास्त. दोन वर्षांनी पुण्याचे एक डॉक्टर ते चित्र गाडीत घालून घेऊन आले. डाळिंबाच्या सालीवर तळ्याच्या तळाला पडतात तशा भेगा. त्यांनी एक शब्द वाईट बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं. मी ते चित्र ठेवून घेतलं आणि तेवढ्याच आकाराचं नवं करून दिलं. तेव्हापासून प्रत्येक चित्राच्या पाठीवर थर कधी दिला, तेल कोणतं, हे पेन्सिलीने लिहिते. व्हार्निश सहा महिन्यांच्या आत लावत नाही, जाड रंग असेल तर वर्षभर थांबते. गिऱ्हाईक घाई करतं, करू द्या.

फळांचं म्हणाल तर क्रम ठरवून घ्या. फुलं पहिल्या दिवशी, पानं दुसऱ्या, कापलेलं फळ त्यानंतर, अख्खं फळ मग, आणि धातू, माती, कापड सगळ्यांत शेवटी. फोडलेलं डाळिंब आपल्या हवेत दुपारपर्यंत दाण्यांचं तेज सोडतं. त्यासाठी मी फोटो वापरते, लपवत नाही. पण दाण्यांचा रंग आधी समोर बघून कॅनव्हासच्या तुकड्यावर लावून ठेवते आणि फोटोतून फक्त आकार घेते.

इथून ‘फोटो निघतो की’ या प्रश्नावर येते. कॅमेरा एका क्षणी एकच उजेड मोजतो. पितळेची चमक पकडली तर कोपऱ्यातली सावली काळी ठिक्कर होते, सावली पकडली तर चमक पांढरी फटक. आपला डोळा सावलीत गेला की सरावतो, चमकीवर आला की मिटतो, आणि हे सगळं मिळून आपण ‘बघितलं’ असं म्हणतो. चित्रात ते सरावणं महिनाभराचं असतं. शिवाय कुठली कड ठेवायची आणि कुठली अंधारात विरघळवायची हे भिंग ठरवत नाही, मी ठरवते. हे नातेवाइकांना पटवत बसू नका. त्यांना एकदा अर्ध्या झालेल्या चित्रासमोर, मांडणीशेजारी उभं करा. बहुतेक जण दोघांकडे आळीपाळीने बघत बसतात आणि प्रश्न विसरतात.

आपल्याकडे या प्रकाराला कमी लेखण्याचं कारण मला वेगळंच वाटतं. महाराष्ट्रात ज्याने-त्याने शाळेत स्थिरचित्र काढलेलं असतं. सरकारी चित्रकला परीक्षांत एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. घागर, तिच्यावर टाकलेलं कापड, दोन फळं, वेळ संपत आली. त्यामुळे मोठ्या माणसाने तेच काढलेलं दिसलं की लोकांना वाटतं, हा अजून परीक्षेतच बसलाय. यात नवं काही नाही म्हणा. फ्रान्सच्या चित्रकला अकादमीत 1667 मध्ये फेलिबियाँ नावाच्या कला-लेखकाने चित्रप्रकारांची उतरंड लावली, त्यात निर्जीव वस्तू तळाला होत्या. 1728 मध्ये शार्दां या स्थिरचित्रकाराला त्याच अकादमीने आत घेतलं ते ‘प्राणी आणि फळांचा चित्रकार’ म्हणून, म्हणजे खालच्याच पायरीवर. पुढे 1755 मध्ये अकादमीचा खजिना सांभाळायला तोच दिला. हिशेब नीट ठेवत असणार.

काय रंगवायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. विलायती दारूची बाटली, कवटी, मेणबत्ती यांच्या मागे लागू नका, ती मांडणी दुसऱ्याच्या घरातली आहे. तुमच्या घरी मागावर आडवा धागा नेणारे धोटे आहेत, त्यांत बसणाऱ्या सुताच्या कांड्या आहेत, तेल पिऊन काळे झालेले मागाचे लाकडी भाग आहेत. आमच्या शेजारी बिडी वळणाऱ्या बायकांचं सूप, त्यात तेंदूची पानं, कात्री आणि पान कापायचं पत्र्याचं माप, हे मी सात वेळा रंगवलं आणि अजून मन भरलं नाही. सोलापुरी चादर मात्र दिसते तितकी सोपी नाही. जॅकार्डवर, म्हणजे मागाला जोडलेल्या नक्षीच्या यंत्रावर, विणलेली नक्षी घडीबरोबर वळते, दबते, कडेला अर्धी होते. नक्षी मोजत बसलात तर घडी मरते, घडी धरलीत तर नक्षी चुकते. मी आधी चादर उलटी टाकून, नुसते उजेड-अंधार पाहून घडी रंगवायला शिकले. भंगारात जॅकार्डची भोकं पाडलेली जुनी कार्डं मिळाली तर घेऊन ठेवा. त्यांच्या भोकांतून पडणारा उजेड हा एका वर्षाचा अभ्यास आहे.

आणि तरीही, ‘सोलापूरची ओळख’ म्हणून रंगवू नका. एका वर्षी माझं शेंगाचटणीच्या खलाचं चित्र विकलं गेलं आणि तसंच हवं म्हणून मागण्या आल्या. मी अकरा खल रंगवले. पाचव्यापासून पुढे खलाकडे न बघता रंगवत होते. पैसे मिळाले, घराला रंग निघाला, पण ती चित्रं कुठे दिसली तर मी मान वळवते.

विक्रीचं थोडक्यात, कारण यात युक्ती फार नाही. चित्रकाराने सोलापुरात राहावं, चित्राने राहू नये. इथे कौतुक होतं, शाल मिळते, विक्री क्वचित होते. बॉम्बे आर्ट सोसायटी (स्थापना 1888) आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (1918) यांच्या वार्षिक प्रदर्शनांना, कला संचालनालयाच्या राज्य प्रदर्शनाला दरवर्षी चित्र पाठवा. नाकारलं तरी पाठवा, माझी पहिली चार परत आली होती. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत नंबर लागायला वर्षं जातात, म्हणून अर्ज आजच टाका, चित्रं मागून होतील. पंढरपूरला जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेनना 1930 च्या दशकात मुंबईला जाऊन सिनेमाची पोस्टरं रंगवावी लागली. तुम्हाला रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई, हुतात्मा धरली की दुपारच्या आत पुणं. मी चित्रं प्लायच्या खोक्यात, चारही कोपऱ्यांना थर्माकोलच्या खाचा करून, बर्थखाली घालून नेली आहेत. खोकं धोतराने बांधायचे, दोरीने कडा कापतात.

दर एकच ठेवा. घरी आलेल्याला 5,000 आणि गॅलरीत 9,000 असं केलंत की सहा महिन्यांत दोघांनाही कळतं. ओळखीच्याला द्यायचंच असेल तर छोटं चित्र भेट द्या, मोठ्याची किंमत पाडू नका. आणि चित्र कुणाच्याही हातात देताना यादी, किंमत, टक्केवारी, पैसे किती दिवसांत, परत कधी, हे कागदावर सहीसह घ्या. एका गॅलरीने माझी तीन चित्रं विकली आणि मला चौदा महिन्यांनी कळवलं. माझ्याकडे कागद नव्हता, होता तो फक्त त्यांचा गोड आवाज.

तर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: सोलापुरात राहा, वडिलांचं ऑफिस दुपारनंतर सांभाळा, सकाळ विकू नका, आणि पहिली दहा वर्षं चित्रांच्या पैशावर घर चालेल हे धरून चालू नका. कर्ज असेल किंवा घरात खोली मिळणारच नसेल तर हे उत्तर लागू नाही. मग आधी शिक्षकाची नोकरी बघा, ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करून ठेवा.

एक करून बघा. घरातली एकच वस्तू घ्या, धोटा घ्या, आणि 31 दिवस रोज त्याच तासाला तीच रंगवा. एकाच कॅनव्हासवर, दुसरं चित्र न काढता. विसाव्या दिवसाच्या आसपास प्रचंड कंटाळा येईल. त्यानंतरही बघण्यासारखं काही उरतंय का ते मला लिहा, किंवा चित्र घेऊनच या. मे महिन्यात येणार असाल तर सकाळी साडेनऊच्या आत या, त्यानंतर माळ्यावरचा पत्रा तापतो आणि मी रंगाला हात लावत नाही.